गोटमारीचा दगड आणि झेलणाऱ्याचे मस्तक

श्रावण अमावास्येला विदर्भात आणि विदर्भाच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या मराठी मुलखात पोळ्याचा सण साजरा होतो. वर्षभर मानेवर जू वाहणाऱ्या बैलाला त्या दिवशी काम नसते. आदल्या दिवशी त्याचे खांदे हळद-लोण्याने मळले जातात, पोळ्याला शिंगे रंगवून, पाठीवर झूल घालून त्याची मिरवणूक निघते, घरोघरी त्याला पुरणपोळीचा घास मिळतो. मुक्या जनावराच्या श्रमांचे ऋण मान्य करणारा इतका सुंदर सण जगात क्वचितच असेल. आणि नेमक्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, मध्य प्रदेशातील पांढुर्णा येथे, जाम नदीच्या दोन काठांवर माणसे माणसांवर दगडांचा वर्षाव करतात. बैलाच्या खांद्याला लोणी लावणारे हात अठ्ठेचाळीस तासांच्या आत शेजारच्या गावातील माणसाचे डोके फोडतात, हा विरोधाभास कोणाही विचारी मनुष्याला अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही.

या प्रकाराला गोटमार म्हणतात. नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. सावरगावचे लोक पळसाचे झाड तोडून आणतात, नदीच्या पात्रात मधोमध रोवतात आणि त्यावर झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या गड्यांनी दगडांच्या माऱ्यातून वाट काढीत झाडापर्यंत पोहोचावयाचे आणि ते कापून झेंडा हस्तगत करावयाचा. सावरगावकरांनी ते होऊ द्यावयाचे नाही. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हा सामना चालतो. झेंडा हाती आला की दगडफेक थांबते आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात नेऊन अर्पण केला जातो. दोन्ही काठांवर हजारो प्रेक्षक जमतात. शेकडो जखमी होतात, काहींचे डोळे जातात, काहींचे हातपाय मोडतात, आणि १९५५ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर डझनावर माणसे प्राणास मुकलेली दिसतात.

ही प्रथा कशी पडली याविषयी आख्यायिका सांगतात. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले, नदी ओलांडताना मुलीकडील लोकांनी त्या जोडप्यावर दगड फेकले, तेव्हा मुलाकडील लोकही सरसावले, आणि त्या दोघांचा तेथेच अंत झाला, अशी एक कथा आहे. भोसल्यांच्या सैन्याच्या युद्धाभ्यासातून ही प्रथा निघाली, असेही काही जण मानतात. खरे काय ते इतिहास सांगत नाही. कथा कोणतीही असो, दोन जिवांच्या मृत्यूची आठवण म्हणून आणखी जीव घ्यावेत, हे त्या प्रेमिकांनाही मान्य झाले नसते, एवढे मात्र खात्रीने म्हणता येईल.

गोटमारीचा विचार करताना आम्हांला पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या एका खेळाची आठवण होते. वाचकांना ही तुलना प्रथमदर्शनी ओढूनताणून आणलेली वाटेल. परंतु शत्रुपक्षाच्या गर्दीतून, अंगावर आघात घेत, एका वस्तूकडे डोळे लावून धावणारा आणि तिच्यावर झडप घालणारा मनुष्य हा दोन्ही ठिकाणी एकच आहे. पांढुर्ण्यात त्याच्यापुढे पळसावरचा झेंडा असतो. अमेरिकेत त्याच्यापुढे हवेतून येणारा, दोन्ही टोकांना निमुळता असा चामड्याचा चेंडू असतो. तिकडे त्याला वाइड रिसीव्हर असे नाव आहे.

झेलणाऱ्या गड्याची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी वेगळा खेळ आहे. शंभर यार्डांच्या मैदानावर अकरा-अकरा गड्यांचे दोन संघ समोरासमोर उभे राहतात. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. क्वार्टरबॅक नावाचा गडी चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेला दूर उभा असलेला वाइड रिसीव्हर, आधी ठरलेल्या वाटेने वेगाने धावत जाऊन, मान वळवून तो झेलतो. त्याचे वैभव आणि त्याचे संकट एकाच क्षणात सामावलेले असते. चेंडू झेलावयाचा तर नजर आकाशाकडे हवी, हात वर हवेत, शरीर ताणलेले हवे. त्याच क्षणी प्रतिपक्षाचा धिप्पाड रक्षक पूर्ण वेगाने त्याच्या छातीवर येऊन आदळतो. ज्याला येणारा घाव दिसतो तो अंग चोरू शकतो. झेलणाऱ्याला घाव दिसतच नाही.

या भूमिकेतील सर्वश्रेष्ठ म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जेरी राइस. मिसिसिपी राज्यातील क्रॉफर्ड या लहानशा गावी तो वाढला. वडील गवंडी होते. उन्हाळ्यात मुलेही बापाच्या हाताखाली राबत. भाऊ खालून विटा फेकत आणि जेरी त्या वर झेली. पुढे जगाने ज्या हातांचे कौतुक केले ते हात असे विटांवर घडले होते. मोठ्या नामांकित विद्यापीठात त्याला जागा मिळाली नाही. मिसिसिपी व्हॅली स्टेट या कृष्णवर्णीयांच्या एका लहान विद्यापीठातून तो १९८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संघात आला आणि पुढची वीस वर्षे खेळत राहिला. १,५४९ झेल आणि २२,८९५ यार्ड, म्हणजे जवळजवळ एकवीस किलोमीटर, हे त्याचे विक्रम आहेत. एकेक यार्ड प्रतिपक्षाच्या देहांमधून काढावयाचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या अंतराचा अर्थ कळतो. १९९७ साली त्याच्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले. साडेतीन महिन्यांत तो मैदानावर परतला आणि परतला त्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याच्या वाटीला तडा गेला. तरीही त्याच्या कारकिर्दीची आणखी सात वर्षे शिल्लक होती.

परंतु जेरी राइस हा नियम नव्हे, अपवाद आहे. खेळाडूंच्या संघटनेच्या हिशेबाने या व्यवसायातील सरासरी कारकीर्द सुमारे तीन-साडेतीन वर्षांची. बहुतेकांच्या वाट्याला कीर्ती येण्यापूर्वीच दुखापत येते. आणि काहींच्या वाट्याला डॅरिल स्टिंगलीचे प्राक्तन येते.

स्टिंगली शिकागोचा. पर्ड्यू विद्यापीठातून खेळून १९७३ साली तो न्यू इंग्लंडच्या संघात दाखल झाला. १२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंड येथे हंगामापूर्वीचा एक सराव-सामना चालू होता. ज्याच्या जय-पराजयाची कोठेही गणना होत नाही, असा तो सामना. स्टिंगली एका उंच फेकीकडे झेपावला. फेक हाती लागण्यासारखी नव्हती. त्याच क्षणी ओकलंडचा रक्षक जॅक टेटम त्याच्यावर येऊन आदळला. स्टिंगलीच्या मानेचे दोन मणके मोडले आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो मानेपासून खाली लुळा झाला. पंचांनी टेटमला कोणताही दंड केला नाही, कारण त्या वेळच्या नियमांप्रमाणे त्याने काहीच गैर केले नव्हते. उर्वरित आयुष्य स्टिंगलीने चाकांच्या खुर्चीत काढले, अपुरे राहिलेले पदवीशिक्षण पूर्ण केले, शिकागोच्या गरीब वस्त्यांतील मुलांसाठी काम केले आणि २००७ साली पंचावन्नाव्या वर्षी तो वारला. टेटमने त्याची कधी क्षमा मागितली नाही. २०१० साली तोही गेला.

डोळ्यांना दिसणारी ही इजा. न दिसणारी इजा याहून भयंकर आहे, हे जगाला उशिरा कळले. २००२ साली पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या शवचिकित्सकाने माइक वेब्स्टर या निवृत्त खेळाडूचा मेंदू तपासला. वारंवार बसणाऱ्या धक्क्यांनी मेंदू हळूहळू झिजत जातो, स्मृती, संयम आणि विवेक ढासळत जातात, असा विकार त्यात आढळला. शिरस्त्राण कवटीचे रक्षण करते. कवटीच्या आत हेलकावे खाणाऱ्या मेंदूचे रक्षण ते करू शकत नाही. आरंभी खेळाच्या धुरिणांनी हे निष्कर्ष झिडकारले. २०१७ साली बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी या व्यावसायिक लीगमधील १११ माजी खेळाडूंचे मेंदू तपासले, त्यांपैकी ११० मेंदूंत हा विकार सापडला. ज्यांच्या कुटुंबीयांना शंका होती त्यांनीच बहुधा मेंदू दान केले, म्हणून हे प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येणार नाही. तरी आकडा हादरवून सोडणारा आहे. व्हिन्सेंट जॅक्सन आणि डिमेरियस टॉमस हे दोघे नावाजलेले वाइड रिसीव्हर. २०२१ या एकाच वर्षात, पहिला अडतिसाव्या आणि दुसरा तेहेतिसाव्या वर्षी, मरण पावला. दोघांच्याही मेंदूंत हीच झीज मिळाली. माजी खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत २०१३ साली ७६.५ कोटी डॉलरांची तडजोड झाली आणि पुढे ती मर्यादाही उठवावी लागली.

मृत्यूतून जन्मलेली कला

इथपर्यंतची हकीकत वाचून कोणी म्हणेल की, मग हा अमेरिकेतील खेळ आणि ही आपल्याकडील गोटमार, दोन्ही सारखीच रानटी. असे आम्ही म्हणत नाही. या खेळाच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की जी पांढुर्ण्याच्या संदर्भात अत्यंत मोलाची आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या खेळात चेंडू पुढे फेकण्यास मनाईच होती. दोन्ही बाजूंचे गडी हातात हात गुंफून एकमेकांवर चाल करून जात आणि त्या चेंगराचेंगरीत माणसे मरत. १९०५ च्या एका हंगामात अठरा-एकोणीस तरुण दगावले. काही विद्यापीठांनी खेळच बंद केला. सर्वत्र बंदीची मागणी होऊ लागली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रशिक्षकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले आणि खेळ सुधारा, असे बजावले. त्यांनी स्वतः हुकूम काढला नाही. नियम बदलले ते खेळाच्याच माणसांनी. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली, गर्दी पांगली, मैदान मोकळे झाले, आणि त्या मोकळ्या मैदानात दूर धावत जाऊन चेंडू झेलणारा गडी जन्माला आला. म्हणजे ज्या वाइड रिसीव्हरच्या झेपेवर आज कोट्यवधी लोक लुब्ध आहेत, ती कला मृत्यू टाळण्यासाठी केलेल्या सुधारणेतून निर्माण झाली. खेळ बदलल्याने खेळ मेला नाही. उलट तो अधिक देखणा झाला.

सुधारणा एकदाच करून भागत नाही, हेही तेथील इतिहास सांगतो. स्टिंगली पडला तेव्हा टेटमची धडक कायदेशीर होती. आज झेलण्याच्या पवित्र्यात असलेल्या, स्वतःचे रक्षण करू न शकणाऱ्या गड्याच्या डोक्यावर वा मानेवर तशी धडक मारली तर दंड होतो. तीन दशके आणि कित्येक मोडलेले देह खर्ची पडल्यावर हे शहाणपण आले. पैशाच्या लोभाने ते लांबले, यात संशय नाही. परंतु आले, हेही नाकारता येत नाही.

बंदीचा बडगा का निकामी ठरला

आता पांढुर्ण्याकडे वळू. मध्य प्रदेश शासनाने हा प्रकार थांबविण्याचे प्रयत्न केले नाहीत, असे नाही. दरवर्षी जमावबंदीचे आदेश निघतात, गोफणींना मनाई होते, पोलिसांचा मोठा फौजफाटा उभा राहतो, नदीकाठी वैद्यकीय पथके बसतात. १९७८ आणि १९८७ या साली तर गोळीबारापर्यंत पाळी आली. एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोग झाला. थोडा वेळ चेंडू फेकले गेले आणि मग लोक पुन्हा दगडांकडे वळले. तेव्हापासून प्रशासनाने जखमींची सोय पाहण्यावरच समाधान मानलेले दिसते.

रबरी चेंडूचा प्रयोग फसला याचे कारण चेंडू रबरी होता हे नव्हे. तो कचेरीतून आला होता, हे खरे कारण आहे. ज्या गड्याने वर्षानुवर्षे पळसापर्यंत धाव घेतली, ज्याच्या कपाळावरची खूण हीच गावातील त्याची प्रतिष्ठा, त्याला विचारल्यावाचून त्याच्या हाती खेळणे दिले गेले. त्यात त्याला आपला अपमान वाटला असल्यास नवल नाही. रूझवेल्टनी प्रशिक्षकांना बोलावले होते, शिपायांना नव्हे. हा भेद लहान नाही.

गोटमारीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, ही आमची श्रद्धा आहे, चंडीमातेचा हा मान आहे, बाहेरच्यांनी यात पडू नये. या म्हणण्यातील अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. दोन गावांनी वर्षातून एकदा नदीवर यावे, पळस रोवावा, झेंड्यासाठी चुरस करावी आणि शेवटी तो एकाच देवीच्या पायी वाहावा, यात मोठा अर्थ आहे. हरलेला आणि जिंकलेला यांची देवी एकच आहे, हे सांगणारी ती प्रथा आहे. ते सर्व टिकावे. परंतु देवीचा मान पळसाला आणि झेंड्याला आहे, दगडाला नाही. दगड काढून घेतल्याने कथेतील प्रेमिक विसरले जात नाहीत, दोन गावांचे नाते तुटत नाही आणि पराक्रमाची संधीही कमी होत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्या आम्हां लोकांनी पांढुर्णेकरांकडे तुच्छतेने पाहावे, असे आमचे वर्तन नाही. गोमंतकात बैलांच्या झुंजी, म्हणजे धीरयो, उच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या आदेशानंतरही चोरून होतच आहेत. मुंबई-ठाण्याच्या आणि कोकणच्या दहीहंडीत थर कोसळून किती तरुण पंगू झाले, हे आपण जाणतो. तेथेही श्रद्धेचा आणि परंपरेचा हाच युक्तिवाद झाला. पण त्या वादातून काही चांगलेही निष्पन्न झाले. २०१४ साली उच्च न्यायालयाने थरांच्या उंचीवर आणि गोविंदांच्या वयावर मर्यादा घातल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, लहान मुलांना वरच्या थरावर चढविण्यास पायबंद बसला आणि २०२२ साली महाराष्ट्र शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन अपघातग्रस्त गोविंदांसाठी भरपाईची योजना जाहीर केली. या उपायांनी सर्व धोके टळले, असे नाही. तथापि उत्सव राहिला आणि जीव वाचविण्याची भाषाही सुरू झाली.

विदर्भालाही असा वारसा आहे. गावोगाव मन मानेल तशा नियमांनी खेळला जाणारा हुतूतू नियमबद्ध करून त्याची कबड्डी झाली. पांढुर्ण्यापासून फार दूर नसलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांचे प्रात्यक्षिक जगापुढे केले. ज्या खेळाला एके काळी गावंढळ समजत असत तो १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दाखल झाला आणि भारताने त्यात सुवर्णपदक मिळविले. सौंसरच्या परिसरात जामसावळीला शयनमुद्रेतील मारुतीचे प्रसिद्ध स्थान आहे. बलोपासनेचे दैवत ज्यांच्या वेशीवर नांदते, त्या मुलखातील तरुणांच्या अंगच्या बळाला दगड भिरकावण्यापेक्षा चांगला मार्ग सापडू नये, हे पटण्यासारखे नाही.

काय करता येईल

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या या दोन तहसिलींकडे भोपाळचे लक्ष वर्षातून एकदाच, तेही दगड उडाल्यावर जात असे. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेती यांवर जगणाऱ्या या कष्टाळू मुलखाला आता आपले स्वतःचे जिल्हा मुख्यालय मिळाले आहे. ही संधी आहे.

पहिली गोष्ट, पांढुर्णा आणि सावरगाव येथील जुन्या खेळाडूंची, देवीच्या पुजाऱ्यांची आणि जखमी झालेल्यांच्या कुटुंबीयांची एक समिती प्रशासनाने बोलवावी आणि नियम त्यांनाच ठरवू द्यावेत. पळस, झेंडा, दिवस आणि देऊळ यांना हात न लावता, अंगबळाने झेंडा मिळविण्याची चुरस कशी घडवावी, हे त्या नदीत उतरलेल्या माणसांइतके कोणाला कळणार? दुसरी गोष्ट, जखमींची नुसती संख्या सांगून थांबू नये. कोणाला काय इजा झाली, पुढे त्याच्या दृष्टीचे, श्रवणाचे, स्मृतीचे काय झाले, याची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी. अमेरिकेत डोळे उघडले ते अशाच नोंदींनी. तिसरी गोष्ट, अज्ञान मुलांना आणि मद्यपान केलेल्यांना पात्रात उतरू देऊ नये. यासाठी समितीच्या निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील खेळाडूला निदान करार होता, मोबदला होता, आणि फसवणूक झाली असे वाटले तेव्हा ज्याला न्यायालयात खेचता येईल असा धनी होता. पांढुर्ण्याच्या गड्याला यातले काहीही नाही. त्याची कारकीर्द एका दिवसाची. मजुरीला किंवा संत्र्याच्या बागेत जाणाऱ्या त्या मनुष्याचा डोळा गेला, तर त्याचा जबाब परंपरा देत नाही, काठावरचे हजारो प्रेक्षक देत नाहीत. तो भार त्याच्या घरातील बायकामुलांवर पडतो. ज्या खेळाची किंमत खेळणाऱ्याच्या घराने एकट्याने मोजावयाची, त्याला सार्वजनिक उत्सव म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकांना पोहोचत नाही.

गवंड्याच्या मुलाने विटा झेलून हात घडविले, कारण त्या विटा त्याचे भाऊ घर बांधण्यासाठी फेकत होते. दगडाचेही तसेच आहे. तो बांधण्यासाठी फेकावयाचा की फोडण्यासाठी, हे फेकणारा ठरवितो. पोळ्याच्या दिवशी बैलाला जी माया मिळते, तिचा काही अंश दुसऱ्या दिवशी नदीच्या पलीकडच्या काठावरील शेजाऱ्याला मिळावा, इतकीच अपेक्षा पांढुर्णा आणि सावरगावच्या आमच्या भाषाबंधूंपुढे ठेवावीशी वाटते. ती पुरी करणे सर्वस्वी त्यांच्याच हाती आहे.